केळी, ट्यूलिपचे कंद आणि होस्टेलची खोली



गेल्या वर्षी जूनमध्ये एक मुलगी आईबरोबर दवाखान्यात आली. वय १८. इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालेला, गाव सोडून पुण्याला होस्टेलवर जायची तयारी झालेली, आणि नेमका त्याच आठवड्यात तपासणीचा अहवाल हाती आला होता: सीलिॲक आजार. म्हणजे गहू बंद. काही दिवसांपुरता नाही, जन्मभर. होस्टेलच्या खोलीत गॅस नाही, इंडक्शनची शेगडी सापडली तर जप्त. मेसमध्ये सकाळी ब्रेड नाहीतर उपमा, दोन्ही वेळेला पोळ्या. आईनं विचारलं, "डॉक्टर, मग ही खाणार काय? प्रवेश रद्द करू का?"

तुमच्यापाशी एक कबुली देतो. त्याआधी दीड वर्ष या मुलीला लोहाच्या गोळ्या मीच देत होतो. हिमोग्लोबिन नऊच्या वर जाईना, वजन वाढेना, आणि मी गोळीचा ब्रँड बदलत राहिलो. हा उत्तरेकडच्या लोकांचा आजार, आपल्याकडे कशाला असेल, असं डोक्यात बसलेलं. ते अगदीच निराधार नव्हतं. भारतातल्या पाहणीत उत्तरेकडे शंभरात एकापेक्षा थोड्या जास्त लोकांत हा आजार आढळला, तर दक्षिणेत हजारात एखाद्यात. पण हजारात एक म्हणजे शून्य नव्हे.

आजार थोडक्यात असा. लहान आतड्याला आतून मखमलीसारखं अस्तर असतं. त्यातले बारीक उंचवटे अन्न शोषून घेतात. गहू, जव आणि राय या धान्यांमधल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे काही लोकांची स्वतःचीच प्रतिकारशक्ती या अस्तरावर उलटते आणि मखमल झिजून सपाट होते. मग लोह खा, कॅल्शियम खा, अंगी लागत नाही. कुणाला जुलाब होतात, कुणाला नुसता ॲनिमिया, कुणाची उंची खुंटते.

त्या मायलेकींना मी औषधाची चिठ्ठी दिली नाही, कारण या आजारावर औषध नाही. एक गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगतो.

या आजाराचं पहिलं नीट वर्णन लंडनच्या डॉ. सॅम्युएल जी यांचं (जी हे त्यांचं आडनाव). १८८७ साली ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या बालरुग्णालयात त्यांनी त्यावर व्याख्यान दिलं, पुढच्या वर्षी ते छापून आलं. पोट फुगलेली, हातापायांच्या काड्या झालेली मुलं त्यांनी पाहिली होती. बरं व्हायचंच असेल तर ही मुलं आहारानंच होतील, हे त्यांनी ओळखलं होतं. कोणत्या आहारानं, ते मात्र त्यांना सापडलं नाही. पिठाचे पदार्थ कमी द्या म्हणाले, आणि त्याच दमात पातळ कापून दोन्ही बाजूंनी कडक भाजलेला पाव चालेल असंही म्हणाले! त्यांच्या एका छोट्या रुग्णाला रोज लिटरभर शिंपल्या खायला दिल्या, त्यावर तो छान सुधारला. शिंपल्यांचा हंगाम संपला आणि दुखणं परत आलं. पुढच्या हंगामात पोरगं शिंपल्यांना तोंड लावायला तयार होईना. कोणत्याही आईला यात नवल वाटणार नाही.

पुढचं नाव न्यू यॉर्कच्या डॉ. सिडनी हास यांचं. १९२४ साली त्यांनी दहा मुलांची हकिकत छापली. आठ मुलांना केळ्यांच्या आहारावर ठेवलं होतं, ती आठही सुधारली. ज्यांना हा आहार मिळाला नव्हता ती दोघं दगावली. कल्पना कुठून सुचली? पोर्टो रिकोमधल्या एका गावाबद्दल त्यांच्या वाचनात आलं होतं: भरपूर पाव खाणाऱ्या शहरी लोकांना स्प्रू नावाचा पोटाचा आजार होतो, केळ्यांवर राहणाऱ्या शेतकऱ्यांना होत नाही. त्यावरून हास यांनी मुलांचा पाव, बिस्किटं, बटाटे आणि सगळी धान्यं बंद केली आणि भरपूर केळी, घट्ट दह्यासारखं ताजं चीज, मांस, भाज्या सुरू केल्या.

या यादीकडे पुन्हा एकदा बघा. केळं सोलायचं आणि खायचं. ताजं चीज वाटीत काढायचं आणि खायचं. या आजारावर गाजलेल्या त्या पहिल्या आहाराचा मोठा भाग असा, ज्याला चूल लागतच नाही. मुलीच्या आईला मी हेच दाखवलं.

हास यांचा निष्कर्ष मात्र चुकला. केळ्यात काही औषधी गुण आहे आणि मुलांना पिष्टमय पदार्थ पचत नाहीत, असं त्यांनी धरलं. प्रत्यक्षात मुलांना वाचवलं ते ताटातून गेलेल्या पावानं, ताटात आलेल्या केळ्यानं नव्हे. या चुकीची किंमत मुलांनी मोजली. 'बरा झालास' म्हणून पुन्हा पाव सुरू केला की दुखणं उलटायचं. हास १९६४ साली वारले, तोवर त्यांनी आपलं मत सोडलं नव्हतं.

खरं कारण ठामपणे दाखवलं ते हॉलंडच्या डॉ. विलेम डिके यांनी. हेग शहरातल्या जुलियाना बालरुग्णालयात ते काम करत. १९३०च्या दशकातच त्यांना गव्हाचा संशय आला होता, आणि १९४१ साली गहू वगळलेल्या आहाराबद्दल त्यांनी डच भाषेत लिहिलंही होतं. मग १९४४-४५चा हिवाळा आला. पश्चिम हॉलंड जर्मनांच्या ताब्यात, धान्याची वाहतूक ठप्प. ऑक्टोबरपासून शहरांतला गॅस आणि वीज बंद होत गेली. घराघरात स्वयंपाकघर होतं, पण चूल पेटवायला काही नव्हतं. लोक सार्वजनिक भटारखान्यांतून पातळ सूप आणत, साखरेचं बीट आणि ट्यूलिपचे कंद खात. सुमारे २०,००० माणसं भुकेनं मेली.

अशा हिवाळ्यात आधीच खंगलेली सीलिॲकची मुलं सर्वांत आधी जायला हवी होती. उलट ती सुधारली, आणि पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली, असं डच बालरोगतज्ज्ञ सांगत. या प्रसंगाची पुढे जवळजवळ दंतकथा झाली. जणू ट्यूलिप खाणारी मुलं पाहून डिके यांना एका रात्रीत साक्षात्कार झाला! तसं नव्हतं. संशय आधीचा होता, दुष्काळानं तो पक्का केला, आणि पुरावा उभा राहिला तो युद्धानंतरच्या चिकाटीच्या कामातून. एकाच मुलाला गहू द्यायचा, बंद करायचा, पुन्हा द्यायचा, वजनाची नोंद ठेवायची, शौचातून किती चरबी न पचता जाते ते मोजायचं. १९५० साली त्यांचा प्रबंध झाला. १९५३ साली व्हायर्स आणि व्हान द कामर या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी निष्कर्ष जगापुढे ठेवले: दोष गव्हाच्या पिष्टाचा नाही, ग्लुटेनचा आहे.

गव्हातून पिष्ट वेगळं कसं काढतात, ते कुरडया करणाऱ्या बायकांना सांगायला नको. गहू भिजवून वाटला, गाळला, की खाली बसतो तो चीक म्हणजे पिष्ट. कणकेचा गोळा पाण्याखाली धूत राहिलात तर हातात शेवटी जे रबरासारखं उरतं, ते ग्लुटेन. (म्हणून कुरडई चालेल, असा अर्थ काढू नका. घरच्या चिकात ग्लुटेन राहतंच.)

आता होस्टेलची खोली. आमची यादी अशी झाली. सकाळी पातळ पोहे धुऊन दह्यात कालवायचे, वर मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि एक केळं. दुपारी मेसमधला साधा भात, दही, काकडी-टोमॅटो, बाहेरून आणलेली दोन उकडलेली अंडी. संध्याकाळी फुटाणे आणि गूळ, नाहीतर शेंगदाण्याची चिक्की, खजूर, कुरमुऱ्यांत कांदा-लिंबू. रात्री पुन्हा भात, किंवा ज्वारीच्या लाह्या आणि दूध. गंमत म्हणजे किराणा दुकानातल्या उपासाच्या फळीवर गहू शिरलेला नसतो. राजगिऱ्याच्या वड्या, बटाट्याचा चिवडा, सुकी केळी, सगळं तिच्या उपयोगाचं. फक्त चिवडा पोटभरीचा समजू नका. लोह आणि प्रथिनं फुटाणे, दाणे, अंडी यांतून येतात, तळलेल्या बटाट्यातून नव्हे.

यात खाचखळगे आहेत. बाजारातल्या बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, त्यामुळे मेसची फोडणीची आमटी चौकशी केल्याशिवाय नको. पोळीभाजी केंद्रातली भाकरी बहुधा पोळीच्याच तव्यावर भाजतात, पिठाचा हातही तोच. साध्या ओट्समध्ये कारखान्यातच गहू मिसळतो. भेळेतली पुरी गव्हाची.

आणखी एक, तुमच्यापैकी ज्यांना हे वाचून स्वतःबद्दल शंका आली असेल त्यांच्यासाठी: तपासणीआधी गहू सोडू नका. गहू सोडल्यावर रक्ततपासणी आजार असूनही 'नाही' म्हणू शकते. आधी चाचणी, मग आहार.

डिसेंबरात ती सुट्टीला आली. हिमोग्लोबिन ११ च्या वर, वजन चार किलो वाढलेलं. पण रक्तातल्या अँटिबॉडी उतरायला हव्या तितक्या उतरल्या नव्हत्या. कुठूनतरी गहू पोटात जात होता. आम्ही अर्धा तास तिचा दिवस घासाघासानं तपासला. मेस नाही, हिंग नाही, बिस्किट नाही. शेवटी ती म्हणाली, "रात्री अभ्यास करताना दुधात कालवून थोडं सातूचं पीठ घेते. आजी पाठवते. सत्तू चालतो असं मी वाचलं होतं."

बिहारकडचा सत्तू भाजलेल्या हरभऱ्याचा. आपलं सातूचं पीठ गहू आणि डाळ्यांचं, काही घरांत त्यात जवही. मुळात सातू म्हणजेच जव. यादी करताना हे मला सुचायला हवं होतं. माझ्या आईच्या फडताळातही तो डबा असायचा.

आजीबाईंना मी फोन केला. त्यांना पटायला वेळ लागला. "अहो, पौष्टिक असतं ते," हे त्यांनी तीनदा सांगितलं. आता त्या नुसत्या डाळ्यांचं पीठ वेलदोडा घालून पाठवतात, आणि तेही घरच्या मिक्सरवर केलेलं, कारण गिरणीत आधी कुणाचा गहू दळला असेल ते सांगता येत नाही. या जूनमध्ये तिच्या अँटिबॉडीचा आकडा पहिल्यांदाच मर्यादेच्या आत आला. सातूच्या पिठाचा उरलेला डबा तिच्या रूममेटनं संपवला.