पोटातली वस्ती आणि काळजाचे दुखणे

रविवारी आमच्या कोल्हापुरात तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा वास दरवळू लागला, की मला हटकून एका दाढीवाल्या रशियन पंडिताची आठवण होते. इल्या मेचनिकोव्ह त्यांचे नाव. वाचक म्हणतील, त्यांचा आमच्या ताटाशी काय संबंध? तर १८९७ च्या जानेवारीत मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःलाच टोचून घेणारे हाफकिन हे त्यांचेच शिष्य.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेत बसून गुरुजींनी एक विलक्षण सिद्धांत मांडला. मोठ्या आतड्यातले जंतू अन्न कुजवतात, ते विष रक्तात भिनते, रक्तवाहिन्या कठीण होतात आणि माणूस अकाली म्हातारा होतो. उपाय? आंबवलेले दूध! त्यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, पण ते रोगप्रतिकाराच्या संशोधनासाठी. वर्षानुवर्षे आंबट दूध पिऊनही १९१६ साली, एकाहत्तराव्या वर्षी, ते हृदयविकारानेच गेले. सिद्धांतही मागे पडला.

पण दैवगती पाहा! २०११ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे स्टॅन्ली हेझन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तोच माग पुन्हा सापडला. अंड्याच्या बलकात कोलीन असते, मटणात कार्निटिन. आतड्यातले जंतू त्यांपासून एक वायू बनवतात आणि यकृत त्याचे ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड करते. २०१३ साली चार हजारांवर रुग्णांची तीन वर्षांची हकिकत प्रसिद्ध झाली. ज्यांच्या रक्तात हे द्रव्य अधिक, त्यांना हृदयविकाराचे झटकेही अधिक. त्याच वर्षी आणखी एक नवल कळले. प्राणिज अन्न कायमचे सोडलेल्या माणसाला मांस खाऊ घातले, तरी त्याच्या रक्तात हे द्रव्य जवळजवळ वाढले नाही. रोजच्या अन्नाप्रमाणे पोटातली वस्तीही बदलते, ती अशी!

तरी घाईने निकाल देऊ नये. समुद्रातल्या मासळीत हे द्रव्य आयतेच असते, आणि मासळीला तर कोणी हृदयाचा शत्रू म्हणत नाही. ते गुन्हेगार की नुसते साक्षीदार, हा वाद अजून मिटलेला नाही. गुरुजींना चोराचे घर सापडले होते. चोर ओळखायचा राहिला, एवढेच.

म्हणून रविवारचा रस्सा मी सोडलेला नाही. मात्र उरलेले सहा दिवस भाकरी, उसळ आणि पालेभाजीचे. त्यांतला चोथा खाऊन हेच जंतू आतड्याच्या अस्तराला पोसणारी आम्ले तयार करतात. पाहुणचार नीट केला, तर पाहुणेही घराला जपतात!