पांढरीवरून काळीत

वऱ्हाडात कुणी घराचा पाया खणायला घेतला की येणारा-जाणारा एकच विचारतो, "मुरूम लागला का?" अमरावतीत बहुधा लागतो. पोहऱ्याच्या डोंगराकडचा भाग उंच, तिथे काळी माती पातळ आणि खाली कुजलेला काळा दगड. दर्यापूरकडे मात्र मुरमाची वाट पाहण्यात अर्थ नाही. पूर्णेने तिथे शेकडो फूट गाळ आणून टाकला आहे.

जुन्या गावांनी हा प्रश्न उद्भवूच दिला नाही. काळी पिकासाठी, पांढरी वस्तीसाठी, अशी वाटणीच होती. ही पांढरी निम्मीअधिक माणसांनीच घडवलेली: पडलेल्या भिंती, चुलीची राख, शेण, पुन्हा त्यावर नवे घर. पूर्णाकाठच्या भोनला डेक्कन कॉलेजने उत्खनन केले, तेव्हा अशा टेकाडाखाली दोन हजार वर्षांपूर्वीची वस्ती निघाली. पांढरी माती पाण्याने फुगत नाही, म्हणून भिंत तिची, गढीचा बुरूज तिचा आणि धाब्यावरचा थरही तिचाच. देशमुखांच्या वाड्यांत छताचा भार सागवानी खांबांवर आणि खांब दगडी उथळ्यावर. जमीन जराशी हललीच, तर भिंतीचे पोपडे निघत. त्यांवर पुन्हा लिंपण बसे.

काळीचे तसे नाही. तिच्यातले माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज आपल्या पापुद्र्यांमध्ये पाणी घेते आणि फुगते. उन्हाळ्यात ते पाणी गेले की माती आक्रसून भेगाळते. घर बांधले की त्याच्याखालची माती झाकली जाते, ओल धरून राहते. कडेची मात्र दरसाल सुकते, दरसाल फुगते. मग मधली फरशी वर येते, कोपरे खाली बसतात आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा निघतो. न्हाणीघराचा पाइप गळत असेल, तर तेवढाच कोपरा उचलतो. लोकांना खरे वाटत नाही, पण तीनमजली इमारतीपेक्षा एकमजली बंगली जास्त तडकते. माती दाबून धरण्याइतके वजनच तिच्यात नसते.

वस्ती पांढरीवरून उतरली ती कापसामागे. 1867 मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. अकोल्यात असदगड आणि जुने गाव मोर्णेच्या पश्चिमेला. सरकारी इमारती आणि स्टेशन पूर्वेला, ताजनापेठेकडे. शहरे अशी पसरत शेतांत शिरली. दगड-चुन्याच्या जाड भिंती आणि रुंद, खोल पाये यांवर त्या काळाने निभावून नेले. पुढे वीट-सिमेंटच्या हलक्या, ताठ भिंती आल्या आणि तड्यांचा खरा काळ सुरू झाला.

उत्तर रुरकीहून आले. 1947 मध्ये निघालेल्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेत दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950 च्या दशकात अंडर-रीम्ड पाइल काळ्या मातीसाठी घडवला. हाताच्या गिरमिटाने साधारण फूटभर व्यासाचे, साडेतीन मीटर खोल भोक पाडायचे. मग पाती उघडणारे अवजार खाली सोडून तळ खरवडायचा आणि भोकाच्या अडीचपट रुंद गोळा करून त्यात सळया-काँक्रीट भरायचे. ऋतूंचा खेळ चालतो त्या थराखाली हा गोळा रुतून बसतो. वरची माती कितीही ओढो, तो सुटत नाही. त्यातला मला सर्वांत आवडणारा भाग म्हणजे जोत्याचा बीम: तो जमिनीवर टेकवायचा नाही, 80 मिलिमीटर मोकळे सोडायचे. फुगायचे तर फुग म्हणावे!

आयआयटी मुंबईच्या आर. के. कट्टी यांनी उलट बाजूने पाहिले. काळी माती एखाद-सव्वा मीटरखाली भिजूनही फारशी फुगत नाही, कारण वरचाच थर तिला आवळून धरतो, असे त्यांना आढळले. मग तेच काम न फुगणाऱ्या पण चिकट मुरमाच्या मीटरभर थराकडून करून घ्यायचे. भारतीय भूतंत्र संस्थेच्या व्याख्यानात त्यांनी हा सगळा शोध मांडला. कालव्यांच्या अस्तरांना त्याचा मोठा उपयोग झाला. यातला 'चिकट' हा शब्द आपले ठेकेदार सोयीने विसरतात आणि फरशीखाली रेती ओततात. रेती काळीला आवळत तर नाहीच, वर पाणी थेट तिच्यापर्यंत पोचवते.

पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात दुखणे दुहेरी आहे. मातीतल्या सोडियममुळे ती अधिक फुगते. आणि विहिरीच्या खाऱ्या पाण्याने काँक्रीट कालवले आणि त्यावर तेच मारले, तर आतल्या सळया गंजतात.

माती किती फुगेल हे कळायला फार काही लागत नाही. चाळलेली, सुकवलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन नळ्यांत घ्यायची, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल, आणि चोवीस तास ठेवायचे. रॉकेलातली फुगत नाही. पाण्यातली तिच्या दुप्पट झाली, तर निर्देशांक 100 टक्के. ले-आउटच्या जाहिरातींत एन.ए., रुंद रस्ते, बगीचा, मंदिर सगळे असते. हा आकडा छापलेली जाहिरात अजून माझ्या पाहण्यात नाही.