कोऱ्या बंदुकीची जुनी झीज

विळीचं पातं धारेशी लखलखतं आणि पाठीशी काळं पडतं. हात कुठे लागतो, घासलं कुठे जातं, ओल कुठे राहते हे सगळं त्या पात्यावर वाचता येतं. व्हिडिओ गेममधल्या बंदुकांवर हीच लिपी उमटायला बराच काळ जावा लागला.

पहिलं अडलं ते धातूपाशीच. सत्तरच्या दशकात बुई तुओंग फाँग यांच्या सूत्राने संगणकावर चकाकी आली खरी, पण तिच्यामुळे बहुतेक वस्तू प्लास्टिकच्या दिसत. कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट कुक आणि केनेथ टॉरन्स यांनी १९८१ मध्ये त्यातली मेख उलगडली. प्लास्टिकवरची चकाकी पांढरीच राहते. तांबं मात्र परतणाऱ्या उजेडालाही आपला रंग लावतं. त्यांनी काढलेली तांब्याची फुलदाणी खरोखर तांब्याची वाटली.

गेमना हे गणित तेव्हा परवडण्यासारखं नव्हतं. १९९६ च्या ‘क्वेक’मध्ये २५६ रंगांत सगळं भागवलेलं, गंज, ओरखडे चित्रातच रंगवलेले. २०१२ मध्ये डिस्नेच्या ब्रेंट बर्ली यांनी धातूपणा आणि खडबडीतपणा यांसारखी मोजकी मापं चित्रकारांच्या हाती दिली. हे तंत्र पुढे गेममध्येही रुळलं.

झिजेला बाजारभाव आला तो ऑगस्ट २०१३ मध्ये, ‘काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ने बंदुकांना रंगनक्षीच्या ‘स्किन’ चढवल्या तेव्हा. प्रत्येक स्किनला झिजेचा ० ते १ मधला एक आकडा मिळतो. ०.०७ च्या आत ‘फॅक्टरी न्यू’, ०.४५ च्या वर ‘बॅटल-स्कार्ड’. गंमत अशी, की हा आकडा जन्मतःच ठरतो. हजारो गोळ्या झाडा, एक चरा वाढणार नाही!

आकड्यातली ही झीज दिसते मात्र खऱ्यासारखी: रंग आधी कडांवरून उडतो, खाचांत टिकून राहतो. सगळीकडे सारखेच ओरखडे दिसले की काम नवशिक्याचं, हे खुशाल समजावं. ‘पॅटिना’ प्रकारच्या स्किनमध्ये तर टवके उडण्याऐवजी धातूच काळवंडत जातो.

‘एके-४७ केस हार्डन्ड’ ही स्किन खऱ्या कारागिरीवरून घेतलेली आहे. लोखंडी भाग हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात पुरून लाल होईस्तोवर तापवायचे आणि पाण्यात सोडायचे. निळ्या, जांभळ्या, पिवळसर छटांचे ढग उठतात, दरवेळी वेगळे. गेममध्ये ते ढग एकाच चित्रातले. नक्षीच्या क्रमांकानुसार ते चित्र प्रत्येक बंदुकीवर वेगळ्या जागी सरकतं, एवढंच. ६६१ क्रमांकात वरची बाजू जवळजवळ अख्खी निळी येते, म्हणून ओरखडलेली ६६१ देखील साध्या नक्षीच्या नव्याकोऱ्या बंदुकीपेक्षा कितीतरी महाग जाते.

सप्टेंबर २०२३ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक २’ आला. इंजिन बदललं, प्रकाश बदलला, जुन्या स्किन नव्या उजेडात वेगळ्या दिसू लागल्या. आकडे मात्र तेच राहिले: दहा वर्षांपूर्वीची ०.०६ ची बंदूक तिथेही ०.०६ चीच.