जळगावच्या गिरणीचा ताळेबंद

कामगाराने ताळेबंद वाचावा तो कशासाठी, असे आम्हांला पुष्कळदा विचारण्यात येते. ते काम शेटजींचे आणि त्यांच्या हिशेबनिसांचे, अशी समजूत! पण श्रोतेहो, ही विद्या कामगाराने हौसेने घेतली नाही. बोनसच्या भांडणाने ती त्याच्या गळ्यात घातली.

मुंबईच्या गिरण्यांनी १९१७ साली युद्धकाळच्या महागाईमुळे पगारावर दहा टक्के बोनस दिला. १९२३ सालचा बोनस नाकारला गेला, तेव्हा १९२४ च्या जानेवारीत मोठा संप झाला. मुख्य न्यायमूर्ती मॅक्लिऑड यांच्या समितीने दोन गोष्टी सांगितल्या: कामगारांचा बोनसवर हक्क नाही, आणि त्या सालचा नफाही बोनस देण्याजोगा नव्हता. पहिल्या गोष्टीशी संपाने झुंजता येत होते. दुसरीशी झुंजायला हिशेब यावा लागत होता.

१९५० साली कामगार अपील न्यायाधिकरणाने गिरणीमालक आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघ यांच्या तंट्यात या हिशेबाचे सूत्रच घालून दिले. नफ्यातून घसारा, यंत्रांच्या पुनर्वसनाची तरतूद, उत्पन्नकर, भरणा झालेल्या भागभांडवलावर सहा टक्के आणि खेळत्या भांडवलात वापरलेल्या गंगाजळीवर दोन टक्के वजा करायचे. उरेल त्यातून बोनस. समजा, नफा १० लाख. घसारा २ लाख, कर ३ लाख. २० लाख भांडवलावर १ लाख २० हजार, १० लाख गंगाजळीवर २० हजार. उरले ३ लाख ६० हजार. आता मालकाने जुनी यंत्रे आजच्या भावाने बदलायची म्हणून पुनर्वसनाचे नेमके तेवढेच मागितले, की बोनस शून्य! चोरी कोठेच नाही. सगळे रकान्यांत बसलेले.

म्हणून आमच्या शेजारच्या खानदेशातला खटला आम्हांला मोलाचा वाटतो. खानदेश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल्स आणि जळगावचा राष्ट्रीय गिरणी कामगार संघ यांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गंगाजळी खरोखर खेळत्या भांडवलात गुंतली होती काय, हा त्यातला कळीचा प्रश्न. १९६० साली न्यायालयाने सांगितले की, ताळेबंदात लिहिले एवढ्यावरून ते सिद्ध होत नाही; मालकाने पुरावा द्यावा आणि कामगारांना तो खोडण्याची संधी मिळावी. म्हणजे छापील आकड्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करता आले.

हे सुख पाच वर्षेच टिकले. १९६५ च्या बोनस कायद्याने चार टक्के किमान बोनसची हमी दिली (पुढे तो ८.३३ टक्के झाला), ही मोठीच मिळकत. पण त्याच कायद्याच्या तेविसाव्या कलमाने कंपनीचे रीतसर तपासलेले हिशेब खरेच मानावेत असे ठरवले. प्रतिज्ञापत्राचीही गरज उरली नाही. कामगारांच्या संघटनेला ठेवले ते एवढेच, की एखाद्या बाबीचा खुलासा हवा असल्यास अर्ज करावा, आणि गरज पटली तर अधिकाऱ्याने तसा हुकूम द्यावा.

‘सगळे खोटे आहे’ म्हणून ओरडणाऱ्याला या कलमात काहीच मिळत नसे. बाब नेमकी सांगावी लागे. म्हणून सातपूर-अंबडच्या कामगारांसमोर आम्ही वार्षिक अहवाल उघडतो तो मागच्या बाजूने: आधी टिपा, मग घसाऱ्याची पद्धत यंदा बदलली काय ते, मग भगिनी कंपन्यांशी झालेले व्यवहार. पहिल्या पानावरचे रंगीत फोटो घरी नेऊन पाहावेत.