पनवेलची चाके, करंजाची शिडे

सरकारी दप्तरात एखादे गाव ज्या तालुक्यात दाखल असते, त्या तालुक्याशी त्या गावाचा मनाने काही संबंध असतोच असे नाही. द्रोणागिरीच्या पायथ्याशी, खाडीच्या मुखावर वसलेले करंजा हे कोळ्यांचे बंदर आज उरण तालुक्यात मोडते. परंतु इंग्रजी अमदानीच्या कागदोपत्री उरण हा पनवेल तालुक्यातला एक महाल होता, आणि ज्या बेटाच्या उत्तरेला उरण आणि दक्षिण अंगाला करंजा, त्या अख्ख्या बेटालाच इंग्रज ‘करंजा’ या नावाने ओळखत. हे बेट प्रथम पोर्तुगिजांचे, मग मराठ्यांचे, आणि १७७४ साली साष्टीबरोबर इंग्रजांच्या हाती पडलेले. १७८२ च्या सालबाईच्या तहनाम्यात साष्टी, घारापुरी आणि करंजा ही बेटे इंग्रजांकडेच राहावीत असे कलम पडले, आणि तेव्हापासून त्याचा महसूल, त्याच्या मिठागरांचे उत्पन्न व उरणच्या मोहाच्या दारूची आबकारी मुंबईच्या खजिन्यात जमा होऊ लागली. तथापि या राजकीय उलाढालींशी आज मला कर्तव्य नाही. मला कुतूहल आहे ते पनवेल आणि करंजा यांना एका तालुक्यात बांधणाऱ्या, दप्तरात न नोंदलेल्या एका धाग्याचे: घाटावरचा माल पनवेलीपर्यंत चाकांवर येई आणि तेथून पुढे शिडांवर जाई.

या जुन्या गोष्टीकडे वळण्याचे निमित्त अगदी आजचे आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांतले विद्यार्थी हल्ली पंधरा-वीसजणांचा चमू जमवून, वर्षभर रात्री जागवून, कमीत कमी इंधनावर किंवा नुसत्या विजेवर चालणारी गाडी स्वतः बांधतात, ती स्पर्धेत उतरवतात, तिच्यासाठी आश्रयदाते शोधतात, आणि शाळाशाळांतून तिचे प्रदर्शन मांडून पर्यावरणस्नेही वाहनांचा पुरस्कार करतात. या उद्योगाकडे लोक एक नवलाई म्हणून पाहतात. मला मात्र त्यात पनवेलच्या सुताराचा आणि करंजाच्या तांडेलाचा जुनाच हिशेब दिसतो. फक्त त्या हिशेबातली एक रक्कम मांडायची राहून गेली आहे, आणि ती कोणती हे सांगण्यासाठी थोडे मागे जाणे भाग आहे.

१८३० साली बोरघाटातून चाकांच्या गाड्यांना योग्य असा रस्ता खुला झाला, तेव्हा पुण्याकडून मुंबईला जाणाऱ्या प्रवाशाचा आणि मालाचा मार्ग पनवेलीवरूनच होता. देशावरचा गाडीवान धान्य, गूळ, कापूस घेऊन घाट उतरे, पनवेलच्या बंदरात माल रिकामा करी, आणि परतताना मीठ, नारळ, सुकी मासळी भरून घेई. पण केवळ एवढेच नव्हे. चाके करणे हा पनवेलचा मुख्य कारखाना असल्याची आणि देशावरून उतरणारा गाडीवान परत जाताना येथून चाकांची एक जोडी खरीदून नेतो अशी नोंद त्या काळच्या सरकारी गॅझेटियरांत आढळते. कारण शोधण्यास फार लांब जावे लागत नाही. घाटमाथ्यापलीकडचा मुलूख उघडा आणि लाकडाला महाग. पनवेलीच्या पाठीशी मात्र कर्नाळ्यापासून माथेरानच्या उतारापर्यंत रान पसरलेले. शिवाय घाट उतरून आलेल्या गाडीचे चाक खिळखिळे झाल्यावाचून राहत नसे, आणि ज्याचे चाक खिळखिळे झाले आहे असे गिऱ्हाईक दारात आपण होऊन उभे राहावे, याहून मोठे भाग्य कोणत्या कारागिराला लाभते!

बैलगाडीचे चाक ही दिसायला साधी आणि करायला अवघड वस्तू आहे. मध्ये तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांना जोडून वर्तुळ पुरे करणारे पुठे, आणि त्या सर्वांना आवळून धरणारी लोखंडाची धाव. ही धाव चाकाच्या परिघापेक्षा किंचित लहान करून शेणींच्या जाळात तांबडीलाल होईपर्यंत तापवावयाची, तापून ती प्रसरण पावली की चिमट्यांनी उचलून चाकावर चढवावयाची, आणि लाकूड पेट घेते न घेते तोच वरून पाणी ओतावयाचे. धाव आकसते, सांधे करकचून मिटतात, आणि मग खिळ्यावाचूनही ते चाक वर्षानुवर्षे एकजीव राहते. धाव चढवताना अंदाज गव्हाभर चुकला तरी एक तर ती ढिली बसे, नाही तर आरे चिरफळत. सुताराला घर्षणाचे गणित कोणी शिकवले नव्हते. पण तुंब्यातून आख किती सैल जावा, वंगण कोठे भरावे, आणि चाक किती उंच केले म्हणजे खड्ड्यातून बैलाला ते कमी ओढावे लागते, हे तो जाणून होता. जाणणे त्याला भागच होते, कारण गाडीचे इंधन म्हणजे बैल, आणि बैल दमला तर गाडीवान पुढल्या हंगामात त्याच्याच दारात येऊन त्याचा उद्धार करणार. सुताराची परीक्षा दर सुगीला होत असे, आणि परीक्षक गिऱ्हाईकच असे.

करंजाच्या तांडेलाचा हिशेब याच जातीचा. पनवेलची खाडी गाळाने उथळ. भरतीवाचून तेथे मचव्याचे काम नाही. तेव्हा निघण्याची वेळ घड्याळ ठरवीत नसे, तर तिथी ठरवी: अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी किती चढते, अष्टमीच्या भांगाला ते किती कमी राहते, पहाटेचा मतलई वारा किती वेळ साथ देईल आणि दुपारचा खारा वारा केव्हा सुटेल, याचा मेळ घालून तांडेल शीड चढवी. ओहोटीच्या ओढीने बाहेर पडावे आणि भरतीच्या लोंढ्याबरोबर आत शिरावे. वल्ह्याला हात लावावा तो निरुपाय झाला तरच. माणसाच्या दंडातली शक्ती ही सर्वांत महाग, म्हणून ती शेवटी खर्च करावयाची. निसर्गावर प्रेम म्हणून नव्हे, तर पदरी दुसरे काही नव्हते म्हणून ही माणसे पर्यावरणस्नेही होती, हे मान्य करूनच त्यांच्याकडे पाहिले पाहिजे. गतकाळाला देव्हाऱ्यात बसवण्याचा मला हव्यास नाही. मचवे बुडत, बैलांच्या मानेला आवाळू येत, आणि पावसाळ्याचे चार महिने दर्या बंद राही.

१८६३ साली रेल्वेने बोरघाट ओलांडला आणि पनवेलच्या रहदारीला ओहोटी लागली. तरीही चाकांचा धंदा एकाएकी मेला नाही, कारण आगगाडीच्या स्टेशनापर्यंत माल न्यायलाही बैलगाडीच लागे. खरा घाव घातला तो पेट्रोलने. पुढे स्वातंत्र्योत्तर काळात होड्यांना यंत्रे बसली, शिडे काठीवरून उतरली ती कायमची, आणि मतलई वाऱ्याची जागा डिझेलने घेतली. यातला योगायोग विलक्षण आहे. १९७४ साली मुंबईपासून दूर समुद्रात तेल सापडले आणि ते खनिज तेल व वायू नळांतून किनाऱ्याला आणण्यासाठी जागा निवडली गेली ती याच बेटावर, उरणला. १९८२ साली तेथेच बोकडवीऱ्याला त्या वायूवर चालणारे विद्युतकेंद्र उभे राहिले. ज्या भूमीत शीड हे एकमेव इंजिन होते, ती भूमी मुंबईच्या इंधनाचा उंबरठा झाली. आणि करंजाचा नाखवा आज मच्छिमार सहकारी संस्थेच्या दारात डिझेलवरील कराच्या परताव्याची वाट पाहत उभा असतो.

इंधन स्वस्त झाले की काटकसर हा खेळ होऊन बसतो. १९३९ साली अमेरिकेतील इलिनॉय संस्थानात शेल तेल कंपनीच्या प्रयोगशाळेतील काही शास्त्रज्ञांनी, तेवढ्याच पेट्रोलमध्ये कोणाची मोटार अधिक लांब जाते, अशी आपापसांत पैज लावली. जिंकणाऱ्याने गॅलनला सुमारे पन्नास मैल गाठले. तेल विकणाऱ्यांनीच तेल वाचवण्याची पैज लावावी, हा विनोद त्यांच्या ध्यानात आला असेल की नाही कोण जाणे. त्याच पैजेतून १९८५ साली फ्रान्समध्ये विद्यार्थ्यांची ‘इको-मॅरेथॉन’ सुरू झाली आणि २०१० साली ती आशियात, मलेशियातील सेपांगला आली. २००५ मध्ये झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या हायड्रोजनवरील गाडीने एका लिटर पेट्रोलइतक्या ऊर्जेत ५,३८५ किलोमीटर धावून जगाला थक्क केले. या स्पर्धांतील इंजिनवाल्या गाड्यांची एक युक्ती मोठी मनोरंजक आहे: इंजिन क्षणभर चालवावयाचे, गाडीने वेग घेतला की ते बंद करावयाचे, आणि त्या वेगाच्या भरावर ती जाईल तितकी जाऊ द्यावयाची. भरतीवर मचवा सोडून वल्ही आत ओढून घेणाऱ्या करंजाच्या खलाशाला ही युक्ती समजावून सांगण्याची गरज पडली नसती.

महाराष्ट्रातही हे वारे लवकरच पोहोचले. पवईच्या आय.आय.टी.तील ‘रेसिंग’ चमूने २०१२ साली आपली पहिली विजेवरची शर्यतीची मोटार बांधली आणि ती इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोनच्या मैदानावर नेली. विद्याविहारच्या सोमय्या महाविद्यालयातून, पुण्याच्या जुन्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून, आणि पुढे तालुक्याच्या गावांतील महाविद्यालयांतूनही असे चमू निघाले. पिथमपूरला भरणाऱ्या ‘बाहा’ स्पर्धेत २००७ पासून पेट्रोलच्या आणि पुढे विजेच्याही गाड्या चिखल तुडवू लागल्या. या मुलांचे कष्ट मी कमी लेखत नाही. जोडकाम करताना भाजलेले हात आणि परीक्षेच्या आदल्या रात्री बॅटरीपाशी काढलेली जाग, यांत पुस्तकी विद्येला न लाभणारे एक शिक्षण आहे. पण स्पर्धा संपली, ढाल मिळाली वा हुकली, की ती गाडी कार्यशाळेच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली जाऊन पडते, आणि पुढच्या वर्षीचा चमू तिचे सुटे भाग काढून नवी गाडी बांधतो. तिच्यात बसून कोणी बाजाराला जात नाही. पनवेलच्या सुताराकडे पुढल्या सुगीला परत येणारा जो गाडीवान होता, तो येथे नाही. मघाशी म्हटलेली न मांडलेली रक्कम ती हीच.

ज्यांनी ती मांडली असे एक उदाहरण मला ठाऊक आहे, आणि ते राजधानीतले नसून सांगली जिल्ह्यातले आहे. इस्लामपूरजवळच्या राजारामबापू अभियांत्रिकी महाविद्यालयात मोटारविद्या शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी २०२२ साली जो प्रकल्प हाती घेतला त्याचे नाव ‘सारथी’. आणि त्यांनी सुधारलेले वाहन होते उसाची बैलगाडी. साखर कारखान्याच्या वाटेवर ऊस लादलेली गाडी ज्याने पाहिली असेल त्याला बैलाच्या मानेवरचा तो भार वेगळा सांगावयास नको: दुचाकी गाडीत आखाच्या पुढे पडलेले वजन सारे जुवावर येते, उतारावर ते आणखी पुढे सरते, आणि चढावर गाडी उलाळ होऊन जू वर ओढले जाते. या विद्यार्थ्यांनी दोन बैलांच्या मध्ये, जुवाच्या खाली, उंची कमीजास्त करता येणारे एक छोटे तिसरे चाक बसवले, जेणेकरून मानेवर येणारे वजन परस्पर जमिनीवर जावे आणि बैलाकडे केवळ ओढण्याचे काम उरावे. त्यात ना बॅटरी, ना हायड्रोजन. त्या चाकाचे छायाचित्र देशभर फिरले, आणि मला तर असे वाटले, की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पनवेलीस अर्धवट राहिलेले एक चाक कोणीतरी पुरे केले.

विद्यार्थ्यांच्या वर्तुळाबाहेरही याच वाटेने गेलेली माणसे आहेत. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी देशात इ-रिक्षांचा सुळसुळाट होण्याच्या पुष्कळ आधी विजेच्या सायकलरिक्षेवर काम केले. आणि पनवेलीच्या डोक्यावरच्या माथेरानात, जेथे मोटारीला मज्जाव असल्यामुळे माणसानेच माणसाला ओढावे लागे, तेथे २०२२ च्या डिसेंबरात इ-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर धावू लागल्या. दोन्हीकडे ओढणारा कोण आणि त्याचा श्रम किती, या प्रश्नापासून आरंभ झाला होता.

आता करंजाकडे परत येतो. समोर रेवस दिसते. मधल्या खाडीवर पूल बांधण्याची गोष्ट मुख्यमंत्री अंतुले यांच्या काळापासून चालली आहे, आणि तो होईपर्यंत यंत्राची होडी माणसांना व त्यांच्या दुचाक्यांना धूर सोडीत पलीकडे पोहोचवते. केरळात वैकमच्या तरीवर २०१७ पासून पंचाहत्तर उतारूंची ‘आदित्य’ ही नौका सूर्यशक्तीवर ये-जा करते आहे, आणि ती घडवणारा मद्रासच्या आय.आय.टी.त नौकारचना शिकलेला एक अभियंता आहे. तेव्हा करंजा-रेवसच्या तरीवर असे काही होणे अशक्य म्हणता येणार नाही. धक्क्यावर मासळी उतरली की कोळिणी डोक्यावर पाट्या घेऊन चढाने बाजाराच्या वाहनांपर्यंत जातात, पुन्हा येतात, पुन्हा जातात. बर्फ तसाच, जाळी तशीच. लिटरला किती किलोमीटर, हे त्यांना कोणी विचारलेले नाही. नवीन पनवेल आणि रसायनीच्या महाविद्यालयांपासून हा धक्का काही फार दूर नाही. तेथील विद्यार्थ्यांना एवढीच विनंती, की पुढल्या वर्षीच्या गाडीचा आराखडा कागदावर उतरण्याआधी एका सकाळी होड्या लागण्याच्या वेळेस त्यांनी करंजाला यावे, पाटी उतरवून क्षणभर टेकलेल्या एखाद्या बाईपाशी बसावे, आणि ‘मावशी, वजन किती, जायचं किती लांब, नि खेपा किती?’ एवढे विचारून तिचे उत्तर वहीत जसेच्या तसे उतरवून घ्यावे.