तरफेचा कोन

यंत्रांच्या इतिहासात मोठ्या चाकांची नावे गाजतात. लहान तरफांकडे सहसा कोणी पाहत नाही. मोटारीच्या इंजिनातील रॉकर आर्म ही अशीच एक तरफ. कॅमने उचललेली पुशरॉड तिचे एक टोक वर ढकलते आणि दुसरे टोक व्हॉल्व्ह दाबून उघडते. अनेक इंजिनांत या साऱ्या तरफा एकाच लांब आसावर ओवलेल्या असत. तो आस व त्या जड तरफा घडविणे हे खर्चाचे काम होते.

जनरल मोटर्सच्या पाँटियाक विभागातील अभियंता क्लेटन लीच यांनी तो आसच नाहीसा केला. पोलादी पत्रा दाबून केलेली हलकी तरफ, प्रत्येकीला आट्यांची एक खुंटी, वर अर्धगोल व नट, एवढीच ती योजना. १९५५ साली ती पाँटियाकप्रमाणेच शेव्हरोलेटच्या नव्या आठ सिलिंडरांच्या इंजिनातही अवतरली. एड कोल यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेले ते २६५ घनइंची इंजिन आरंभी १६२ अश्वशक्तीचे होते. १९५७ साली २८३ घनइंची इंजिनाने इंधन-इंजेक्शनच्या साहाय्याने २८३ अश्वशक्तीपर्यंत मजल मारली.

स्वस्त व हलके म्हणून हे इंजिन शर्यतीच्या शौकिनांना प्रिय झाले. त्यांनी अधिक उंचीचे कॅम बसविले आणि तेथे भूमितीने आपला हक्क सांगितला. व्हॉल्व्ह सरळ रेषेत जातो. तरफेचे टोक मात्र वर्तुळाच्या कंसावर फिरते. साहजिकच ते व्हॉल्व्हच्या माथ्यावर आडवे घासते. व्हॉल्व्ह अर्धा उघडला असता तरफ त्याच्या दांड्याशी काटकोनात असेल, तर हे घासणे अल्पतम होते. तरफेची भुजा ३८ मिलिमीटर व व्हॉल्व्हची उचल १२ मिलिमीटर धरली, तर टोक सुमारे अर्धा मिलिमीटरच सरकते. तोच काटकोन व्हॉल्व्ह बंद असताना साधला, तर सरकणे जवळजवळ चौपट, म्हणजे दोन मिलिमीटरांच्या घरात जाते.

ही आडवी ओढ सोसावी लागते ती व्हॉल्व्हच्या गाईडला. गाईड झिजले की व्हॉल्व्ह नीट बसत नाही, आणि कॅमने मिळविलेली शक्ती हळूहळू हातची जाते. म्हणून जाणता मिस्त्री व्हॉल्व्हच्या माथ्यावर शाई लावतो, इंजिन हाताने फिरवितो आणि उमटलेला पट्टा पाहतो. पट्टा रुंद दिसला, तर पुशरॉडची लांबी बदलून तो पुन्हा पाहतो. अरुंद पट्टा मिळेपर्यंत हे काम चालते. शर्यतीच्या इंजिनाचे आयुष्य अनेकदा त्या शाईच्या रेघेवरच ठरलेले असते.