महाराष्ट्र दिन (सोलापूर जिल्हा)

मुंबई पुनर्रचना अधिनियमानुसार 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, त्या घटनेचा वार्षिक दिन, सार्वजनिक सुट्टी. नव्या राज्याच्या 26 जिल्ह्यांत सोलापूर होता.

पूर्वपीठिका : भोसल्यांचे अक्कलकोट संस्थान 1948 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. 1 नोव्हेंबर 1956 च्या पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला, तर विजापूर व गुलबर्गा म्हैसूरकडे गेले. उस्मानाबादच्या बाजूची जुनी निजामी सरहद्द मिटली आणि दक्षिणेला नवी उभी राहिली.

सीमाप्रश्न : मराठीतील चर्चा बहुधा बेळगाव-निपाणीभोवती फिरते, पण सोलापूरची बाजू तितकीच महत्त्वाची आहे. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुमत व लोकेच्छा ही तत्त्वे पुढे करून महाराष्ट्राने 814 गावे मागितली आणि त्याच न्यायाने सुमारे 260 कन्नडबहुल गावे देण्याची तयारीही दाखवली. 25 ऑक्टोबर 1966 रोजी माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. त्याच्या 1967 च्या अहवालाने बेळगाव म्हैसूरकडेच ठेवले, निपाणी-खानापूरसह 264 गावे महाराष्ट्राला देऊ केली आणि दक्षिण सोलापूर व अक्कलकोटमधील गावांसह 247 गावे म्हैसूरला द्यावीत असे सुचवले. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला. त्याची अंमलबजावणी झाली नाही. महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. नोव्हेंबर 2022 मध्ये कर्नाटकाच्या (पूर्वीच्या म्हैसूर राज्याच्या) मुख्यमंत्र्यांनी सोलापूर-अक्कलकोटच्या कन्नड भागावर पुन्हा हक्क सांगितला. त्या सुमारास सीमेवरील काही गावांतून कर्नाटकात जाण्याची भाषा झाली, ती मुख्यतः रस्ते-पाण्याच्या गैरसोयींमुळे, असे मानले जाते.

अक्कलकोट-दक्षिण सोलापुरात घरात कन्नड आणि कचेरीत मराठी बोलणारी कुटुंबे पुष्कळ आहेत; सोलापूर शहरात तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर व उर्दूभाषक यांची मोठी वस्ती आहे. या सर्वांना सामावून घेणे हीच येथील राज्यस्थापनेची खरी कसोटी आहे. सीमेवरच्या गावाला रस्ता आणि कन्नड शाळेला शिक्षक मिळणे हे या दिवसाच्या संचलनापेक्षा मोलाचे आहे.

समारंभ : जिल्हा मुख्यालयी शासकीय ध्वजवंदन व संचलन.

अन्य : हाच कामगार दिनही असल्याने गिरणी व विडी कामगारांच्या सोलापूर शहरात त्याला दुहेरी महत्त्व आहे. सोलापूर नगरपालिकेचे महानगरपालिकेत रूपांतर 1 मे 1964 रोजी झाले.